सोळा दारं, सात कुलपं

आमच्या वॉर्डात अग्निशमन दलाच्या मदतीला पंचवीस स्वयंसेवकांचा एक गट आहे. मी त्यात चार वर्षांपासून आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी शिडीवर चढवत नाही आणि ते योग्यच आहे. माझ्याकडे मोजणीचं काम असतं. इमारत रिकामी करायची वेळ आली की दारं मोजायची, माणसं मोजायची आणि खडूने दारावर खूण करायची. माणसं बाहेर काढलेल्या घरावर फुली, बाहेरून कुलूप असेल तर ‘कु’. बेरीज जुळली की जवानांच्या साहेबांना सांगायचं. आकड्यांत आपली चूक होत नाही, असा माझा समज होता.

डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत सकाळी अकराच्या सुमाराला जिन्याच्या छताचा तुकडा कोसळला. कुणाला लागलं नाही, पण एका खांबाला हात जाईल एवढी भेग पडली होती. इमारत तात्काळ रिकामी करायचं ठरलं. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर चार दारं. नऊ उघडी, सात कुलूपबंद. नऊ घरांतून सव्वीस माणसं खाली आली. तळमजल्यावरच्या मावशी प्लास्टिकची खुर्ची घेऊनच बाहेर आल्या.

“मावशी, गॅस बंद केलात ना?” मी विचारलं.

“केला. भाजी अर्धी कच्ची राहिली. तुम्ही येताय का खायला?”

नऊ आणि सात सोळा. मी साहेबांना म्हटलं, “सगळी दारं झाली. आत कुणी नाही.”

पाच मिनिटांनी मावशींचा फोन वाजला. बोलता बोलता त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि खुर्चीवरून उठल्या.

“अहो, सगळ्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा कुठायत? जिन्याजवळचं दार त्यांचं. त्यांची सून विचारतेय.”

“त्या दाराला कुलूप आहे, मावशी.”

“कुलूप असणारच! सून कामाला जाताना लावते. आजोबा आत असतात. विसरतात ना ते, बाहेर पडले की घर सापडत नाही. सगळ्या बिल्डिंगला माहितीय.”

सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, म्हणूनच कुणी मला सांगितलं नव्हतं. आणि मी विचारलं नव्हतं. त्या दारावर ‘कु’ लिहिताना बाहेर पुरुषी चपलांचा एक जोड दिसला होता, अंगठा नव्याने शिवलेला. तो पाहून मी पुढच्या दाराकडे वळलो होतो.

मी धावत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी एका जवानाला कटर घेऊन वर पाठवलं आणि दार दाखवायला मला त्याच्या मागे. जिन्यात अजून वाळू गळत होती.

कुलूप तुटलं. आजोबा खाटेवर बसले होते, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून.

“आजोबा, जिन्यातून एवढ्या हाका मारल्या. ऐकू नाही आल्या?” मी विचारलं.

“आल्या की. पण सून म्हणते, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.”

जवान त्यांना उचलायला पुढे झाला, तर त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली. “सून आल्याशिवाय नाही.”

“तिनेच पाठवलंय मला,” मी म्हटलं. ते खरंच होतं. “तिचा फोन आलाय खाली.”

“मग चपला द्या.”

चपला घालून ते निघाले. एका बाजूने जवान, दुसऱ्या बाजूने मी. आजोबा मोठ्याने पायऱ्या मोजत होते. वीस झाल्या की पुन्हा एकपासून. मीही त्यांच्याबरोबर मोजत होतो. एकूण पायऱ्या किती झाल्या, ते मला अजूनही सांगता येत नाही.

सून ठाण्याला टेंभी नाक्याजवळ कपड्यांच्या दुकानात कामाला. तिला पोहोचायला तास लागला. रिक्षातून उतरली ती थेट आजोबांकडे धावली. गर्दीतली एक बाई म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला कोंडून जायचं म्हणजे कमालच.”

मावशी तिच्याकडे वळल्या. “मग तू बस ना त्यांच्यापाशी. उद्यापासून ये, चहा माझ्याकडे घे.”

सून माझ्याजवळ आली. “काका, गेल्या वर्षी बाबा असेच निघून गेलेले. दुसऱ्या दिवशी विठ्ठलवाडीला सापडले. तेव्हापासून लावते. तुम्ही हे लिहिणार का?”

“लिहावं लागेल,” मी म्हटलं. तिने मान खाली घातली.

संध्याकाळी अहवालात मी लिहिलं: कुलूप पाहून घर रिकामं धरलं. शेजाऱ्यांना विचारलं नाही. चूक माझी. त्याखाली सुनेबद्दल एक ओळ: दिवसा वृद्धाजवळ थांबायला घरात दुसरं कुणी नाही.

आजोबा आणि सून आता कळव्याला भाड्याने राहतात. दुसरी किल्ली शेजारी ठेवली आहे, असं मावशींकडून कळलं.

मागच्या महिन्यात आमच्याच सोसायटीत सराव होता. एका बंद दारावर ‘कु’ लिहून मी समोरच्या घराची बेल वाजवली.

“काका, ते घर बंद आहे,” समोरची मुलगी म्हणाली. “कुलूप दिसत नाही का?”

“दिसतंय,” मी म्हटलं. “आत कोण असतं?”