माझ्या भांडारात घोळ नव्हता

बाई जेवणाचा डबा उघडत, तेव्हा त्यांचे लक्ष डब्याकडे नसे. दुपारी पाळी बदलताना सगळ्या सिस्टर ड्युटीरूममध्ये जमल्या, की बाई टेबलाच्या मधोमध डबा ठेवीत, झाकण काढीत आणि सभोवतीच्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवीत. डब्यात ज्वारीची भाकर आणि लसूण घालून कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. तो वास खोलीभर पसरला, की जिचा हात नकळत नाकाकडे जाई, तिची क्षयरोग वॉर्डातील पाळी दुसऱ्या दिवसापासून बंद होई. तिच्या सासूला, नवऱ्याला आणि पुष्कळदा खुद्द तिलाही जे कळलेले नसे, ते बाईंना कळलेले असे.

या बाई म्हणजे अकोल्याच्या आमच्या रुग्णालयाच्या मेट्रन. माहेर अचलपूरचे, आवाज पोळ्याच्या मिरवणुकीत ऐकू जाईल असा. मी त्याच रुग्णालयाचा भांडारपाल होतो. औषधे, हातमोजे, पट्ट्या, मास्क, सगळे माझ्या ताब्यात असे. मुद्दाम सांगतो, कारण बाई गेल्यापासून त्यांच्याविषयी जो तो बोलतो आहे आणि जो तो चुकीचे बोलतो आहे.

एक वर्ग म्हणतो, बाईंना दैवी दृष्टी होती. हे साफ खोटे आहे. बाईंना ठेचा होता. दैवी दृष्टी असती, तर पोट बिघडलेल्या एका तरुण डॉक्टरांनी ड्युटीरूमच्या दारात नाक दाबले, तेव्हा बाईंची फसगत झाली नसती. अर्थात फसगत झाल्याचे कबूल करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी डॉक्टरांना आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "सायेब, तुमाले कितवा महिना?" डॉक्टर पुढे नागपूरला गेले. ते या प्रश्नामुळेच गेले असे काही जण सांगतात; तेही खोटे आहे.

दुसरा वर्ग म्हणतो, बाई कठोर होत्या. लग्नासाठी रजा मागायला गेलेल्या मुलीला त्या प्रथम "दंड दाखव" म्हणत, ही गोष्ट खरी. गोवर आणि रुबेलाची लस टोचलेली नसेल, तर रजेच्या अर्जाला त्या हात लावीत नसत. "हळद मंग लावजो, आंधी सुई लाव," असे त्यांचे वाक्य ठरलेले होते. एकीने लाजत विचारले, "बाई, लग्नाचा न् सुईचा काय संबंध?" बाई म्हणाल्या, "संबंध कसा नाई व माय? पोर झाल्यावर मले पेढे देशीन का नाई? मंग त्या पोराची काळजी मी आत्तापासून करून राह्यली." याला कोणी कठोरपणा म्हणत असेल, तर त्याने शब्दकोश बदलावा.

आमच्या भागात पोट दिसू लागेपर्यंत ही बातमी घराबाहेर काढत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. आणि बाईंची खरी अडचण नेमकी येथेच होती. त्या म्हणत, "पोट दिसल्यावर काळजी घेऊन काय कामाचं? पोराचे डोये, कान, काळीज, सारं आंधीच घडून राह्यते." म्हणजे ज्या महिन्यांत मुलीला गोवर-कांजण्यांपासून दूर ठेवायचे, त्याच महिन्यांत ती कोणालाही सांगणार नाही, आणि सांगितले नाही म्हणून तिची पाळी नेमकी तेथेच लागणार. बाईंना तिचे गुपित राखायचे होते आणि तिला हलवायचेही होते. हलवायचे तर कारण हवे. आता ते कारण काय होते, हे ऐका. ते कारण मी होतो.

बाई ड्युटीरूममध्ये सर्वांदेखत जाहीर करीत, "स्टोअरात भाऊनं घोळ करून ठेवला. निस्तराले एक सिस्टर पायजे." त्यासरशी ठेच्याने पकडलेली मुलगी माझ्याकडे येई. मग ती पट्ट्यांच्या घड्या घाली, बंद खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवी, आणि जेथे कोणी खोकत नाही व कोणाच्या अंगावर पुरळ नाही अशा जागी सुखरूप बसे. वर्षातून तीन-चारदा माझ्या भांडारात असा 'घोळ' होई. संपूर्ण रुग्णालयाचा समज झाला, की भांडारपालाला धड मोजताही येत नाही. माझ्या भांडारात डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाती येत असे, हे मी कोणाला सांगणार? खरे कारण मला ठाऊक होते, म्हणून तोंड बंद.

वैशालीचे प्रकरण झाले, तेव्हा मात्र माझा संयम सुटायची वेळ आली होती. वैशाली बार्शीटाकळीची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. तिची आधीची दोन गर्भारपणे अर्ध्यातच संपली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा तिने नवऱ्यालाही बजावले होते, की तोंडातून शब्द काढायचा नाही. ठेच्याच्या वेळी ती श्वास रोखून उभी राही, म्हणून बाईंच्याही तावडीतून सुटली होती. त्याच सुमारास कांजण्यांचा एक रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवला गेला आणि पहिल्याच संध्याकाळी वैशाली त्याला सलाइन लावून आली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना उभे केले. "लहानपनी ज्यायच्या आंगावर माता निघाली होती, त्यायनं हात वर करा. त्याच त्या खोलीत जातीन." कांजण्यांना आमच्याकडे माता म्हणतात, आणि एकदा निघाली की सहसा पुन्हा होत नाही. वैशालीला कांजण्या कधीच झालेल्या नव्हत्या. पण हात खाली ठेवला, तर 'काल गेली होतीस ना, मग आज काहून नाई?' असे विचारतील आणि त्यातून सगळे उघडे पडेल, या भीतीने तिने हात वर केला.

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. नवी मुलगी नोकरीला लागली, की बाई तिच्या आईला चहा पाजून लहानपणचे सगळे आजार विचारून घेत. वैशालीची आई तर वांग्यांची पिशवी घेऊन आली होती आणि अभिमानाने सांगून गेली होती, की आमच्या पोरीच्या अंगावर आजवर एक पुळीसुद्धा उठलेली नाही. त्या खोट्या हातामागचे कारण क्षणात बाईंच्या ध्यानी आले. पण चारचौघींत त्या इतकेच म्हणाल्या, "वैशाली, हात खाली घे. तुले स्टोअरात जा लागते. भाऊचा लय मोठा घोळ झाला."

बाईंनी तिला मागच्या दाराने आमच्या डॉक्टरबाईंकडे नेले. रक्त तपासले, नागपूरहून संरक्षण देणारे इंजेक्शन मागवून ते दिले, आणि मग तिला माझ्यासमोर आणून उभे केले. वैशाली रडत होती. "बाई, हेही गेलं तं मी काय करू?"  बाई माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमच्या इथं घोळ झाला."

"बाई, माझ्या भांडारात घोळ होत नाही."

"झाला म्हनतो ना मी! आन् या खेपेस खरा पायजे. अधीक्षक सायेब उद्या पाहाले येऊन राह्यले. रोज कसा घोळ होते म्हनून."

मी माझ्या मांडण्यांकडे पाहिले. सहा नंबरचे हातमोजे सहाच्या खणात, साडेसातचे साडेसातच्या. पट्ट्यांच्या गुंडाळ्या रुंदीप्रमाणे लावलेल्या. आयुष्यभराची शिस्त होती ती. मी पहिले खोके उचलले आणि जमिनीवर उपडे केले. मग दुसरे. बाई दारात उभ्या राहून देखरेख करीत होत्या. "अजून थोडं. हे तं लय सोज्वळ दिसून राह्यलं. त्या मोज्याईत कापूस टाका ना, भाऊ. कंजूसपना काहून करून राह्यले?" मी कापूस टाकला. तेव्हा रडता रडता वैशालीला हसू फुटले, आणि बाई मला म्हणाल्या, "पाह्यलं? औषध लागलं."

दुसऱ्या दिवशी अधीक्षक आले. त्यांनी ढिगाऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "हे निस्तरायला सहा महिने लागतील," ते उद्गारले. बाई तत्परतेने म्हणाल्या, "हो सायेब. वैशाली करन." अधीक्षकांनी मान डोलावली.

नंतरचे काही आठवडे बाई रोज सकाळी मला झापण्याच्या निमित्ताने भांडारात येत. तोंडाने मला बोलत आणि डोळ्यांनी वैशालीची मान, हात, कपाळ तपासत. एकदा तिच्या मनगटावर लाल ठिपका दिसला. बाईंचे बोलणे अर्ध्यावर थांबले.  तो डास चावल्याचा निघाला. "भाऊ," बाई दरडावून म्हणाल्या, "स्टोअरात मच्छर ठेवता तुमी?" पण ते मनगट त्यांनी पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिले.

पुरळ आले नाही. दिवस भरले आणि मुलगी झाली. धडधाकट, बाईंसारखाच आवाज असलेली. घरात तिला घोळू म्हणतात. बार्शीटाकळीची तिची आजी सांगते, की वैशालीला डोहाळ्यांत घोळाच्या भाजीवाचून दुसरे काही चालत नव्हते, म्हणून हे नाव. आजी आदरणीय आहेत. पण ही व्युत्पत्ती मला मान्य नाही.

बाई निवृत्त होऊन अमरावतीला भावाकडे गेल्या. गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्याचे कळले, तेव्हा मी एसटीने भेटायला गेलो. श्वास लागत होता, तरी मला पाहताच म्हणाल्या, "या घोळवाले." मी म्हणालो, "बाई, आता तरी एकदा चार माणसांत सांगून टाका, की माझ्या भांडारात घोळ नव्हता."  त्या म्हणाल्या, "सांगन ना भाऊ. पन आत्ताच नाई. आजून लागन तो." आणि न सांगताच गेल्या.

अकोल्याच्या शोकसभेत त्याच अधीक्षकांनी भाषण केले. "भांडारातील त्या कायमच्या गोंधळातून बाईंनीच या रुग्णालयाला वाचवले," असे ते म्हणाले, आणि सभागृह प्रेमाने हसले. मी खंडन करायला उठलो. शेजारी वैशाली बसली होती. आता तीच तेथे मेट्रन आहे. तिने माझी बाही ओढली. "काका, बसा." मी बसलो, आणि हे सगळे लिहून काढायचे त्याच क्षणी ठरवले.

सभा संपल्यावर वैशालीने मला ड्युटीरूममध्ये नेले. टेबलाच्या मधोमध डबा ठेवला, झाकण काढले. लसणाचा तोच वास. मी डब्याकडे पाहिले. वैशाली पाहत नव्हती. कोपऱ्यातली एक तरुण सिस्टर हलकेच तोंडावर रुमाल धरून खिडकीशी गेली.

वैशाली माझ्या कानाशी वाकली. "काका, नवीन स्टोअरकीपरचं सारं कॉम्प्युटरवर हाये. एक मोजा इकडचा तिकडे होत नाई. घोळ आनू कुठून?" तिने मान वर केली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आपले जुने भाऊ आले हायेत म्हनून इचारलं, तं त्यायच्या काळातला एक मोठा घोळ आजून तसाच हाये म्हनतात. मागच्या खोलीत. निस्तराले एक सिस्टर पायजे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. उठून एक वाक्य बोलण्याचा अवकाश होता, की माझे भांडार निर्दोष ठरले असते.

संपादकांच्या कामाचा वेग मला ठाऊक आहे. हा मजकूर छापून येईल तोवर त्या मुलीला सांगण्यासारखे काही उरणार नाही, सगळ्यांना ते दिसतच असेल. तरीही खबरदारी म्हणून, वर मी माझ्या भांडाराविषयी जे जे लिहिले, ते वाचकांनी मनावर घेऊ नये. घोळ होता. फार मोठा होता. कोणी वेगळे सांगत असेल, तर त्याने माझ्याशी वाद घालायला यावे.