एका लग्नाचे दोन व्हिडिओ

सत्यशीला मॅडम दारव्ह्याच्या ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवतात आणि आमच्या शेजारी राहतात. त्यामुळे जनुकांपासून माझी सुटका नाही. भाजी निवडतानाही त्यांनी मला ऐकवलंय, की पेशी आधी जनुकाची नक्कल काढते, नकलेतले बिनकामाचे मधले तुकडे छाटते, कामाचे तुकडे क्रमाने जोडते आणि मग त्यातली अक्षरं तीन-तीन करून वाचत प्रोटीन ओवते.

मुलीचं, प्रेरणाचं, लग्न झालं तेव्हा व्हिडिओवाल्या इंद्रजितलाही त्यांनी हाच धडा दिला. बुद्धवंदना, हार, फुलं तेवढं ठेव, बाकी छाट. त्याने तसंच छाटलं. त्यात आहेराची पुकारणी गेली. आपल्याकडे कुणी काय आहेर केला ते माइकवरून साऱ्या मांडवाला ऐकवतात, आणि पुकारणारे होते मॅडमचे थोरले भाऊ वामनराव. वडिलांमागे मॅडमना त्यांनीच शिकवलं. नेरला घरी त्यांनी व्हिडिओ लावून पाहिला, तर स्वतः कुठेच नाहीत. झालं, रुसले. बहिणीचा फोन उचलेनात.

मग एके दिवशी त्या बारावीला शिकवत होत्या, की एका जनुकातून एकच प्रोटीन निघतं असं नाही. एका प्रकारची पेशी नकलेतला जो तुकडा छाटते, तोच दुसऱ्या प्रकारची पेशी आपल्या नकलेत ठेवते आणि वेगळंच प्रोटीन तयार होतं. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच सुचलं. तास संपताच त्या थेट इंद्रजितच्या दुकानात गेल्या.

मूळ शूटिंग त्याच्याकडे होतंच. त्यातून दुसरा व्हिडिओ झाला. वामनराव पुकारताहेत, वामनराव वाढप्यांवर डाफरताहेत, वामनराव रुसलेल्या आत्याबाईंना पाणी देताहेत.

रविवारी आम्ही दोघी नेरला गेलो. वामनराव आधी तोंड फिरवून बसले. थोड्या वेळाने खुर्ची पुढे ओढली, मग शेजाऱ्यांनाही हाक मारली. स्वतःच्या आवाजावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. व्हिडिओ संपला तशी मॅडम हळूच म्हणाल्या, "दादा, चुकलं माझं."

"ते जाऊ दे. आता तो पह्यला लाव."

"तो तर तू पाहिलास ना?"

"लग्न लागलं तवा मी सयपाकाकडे होतो," वामनराव डोळे पुसत म्हणाले. "अन् व्हिडिओत मलेच शोधत बसलो. पोरगी नवरी झालेली पाह्यलीच नाई मी."