केर्माच्या थडग्यातलं मडकं

मी चौथी पास, तीसुद्धा मास्तरांनी ढकलली म्हणून. पण मातीतलं मला कुणी शिकवू नये, असं मी साठ वर्षं म्हणत आलो आणि ते खोटं नव्हतं. वाघोलीत आमच्या आव्याच्या, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीच्या, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, धुराच्या तक्रारी झाल्या, तरी मी आवा बंद केला नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र असा धक्का बसला की दोन दिवस चाकावर बसलो नाही.

आमच्या वरच्या खोलीत एक सुदानचा मास्तर भाड्याने राहतो. पन्नाशीचा माणूस, इथे इतिहासाची पीएचडी करतोय. हिंदी मोडकी, पण माझ्याहून बरी. संध्याकाळी खाली येऊन माझं काम बघत बसतो. एकदा मी त्याला म्हणालो, "तुमच्याकडे सगळी वाळू. मडकी बाहेरूनच आणत असाल."

त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर एका मडक्याचा फोटो होता. खाली गेरूसारखं लाल, तोंडाकडे काळं कुळकुळीत, मधे राखाडी पट्टा, चांदीचा हात फिरवल्यासारखा. काठ अंड्याच्या टरफलाएवढा पातळ.

मी म्हणालो, "बिघडलंय. भाजताना धूर कोंडला."

"राजाच्या थडग्यातलं आहे," मास्तर म्हणाला. "साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं."

मग त्याने सांगितलं. नाईल नदीच्या काठी त्याच्या गावाजवळ केर्मा नावाचं शहर होतं, कुश नावाच्या राज्याची राजधानी. तिथला कच्च्या विटांचा एक ढिगारा आजही पाच-सहा मजले उंच आहे. राजा मेला की मोठं गोल टेकाड रचायचे आणि त्याच्या कडेने गुरांची कवटी कवटीला लावून ठेवायचे, हजारो. आणि राजाबरोबर शेकडो माणसं पुरायचे. काही जिवंतच, असं म्हणतात. हे ऐकून माझा हात चाकावरच थांबला. पुढे इजिप्तच्या फौजेने ते शहर जाळलं. राजधानी नपाताला गेली, तिथल्या राजांनी उलटून इजिप्तच जिंकलं. त्याच्याही पुढे मेरोईला गेली. मास्तर हे असं सांगत होता जसं आपल्या भावकीचं सांगतोय.

"आणि ही मडकी चाकावरची नाहीत," तो म्हणाला. "नुसत्या हाताची."

"खोटं. एवढा काठ हाताने निघत नाही. बाहेरच्या कुणीतरी शिकवलं असेल."

"पहिल्यांदा खणणारा गोरा साहेबही हेच म्हणाला होता. हे सगळं इजिप्तच्या सुभेदारांचं म्हणे, इथल्या लोकांना कुठलं जमायला. नंतर तो चुकला असं ठरलं."

मला राग आला. तेवढ्यात बायको उठून आली. ती मागे माती चाळत होती. आमच्यात माती आणणं, चाळणं, मळणं, गेरू लावणं सगळं बाईचं, पण चाकाला बाईने हात लावायचा नाही. तिने हात पदराला पुसले, मोबाईल घेतला आणि बराच वेळ बघितलं.

"पालथं घालून भाजलंय," ती म्हणाली. "काठ भुशाच्या राखेत, बूड वर."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. "बरोबर. अभ्यास करणारे हेच सांगतात. तुम्हाला कसं माहीत?"

"मी घालायचे की."

तेव्हा मला आठवलं. ती दुपारच्या वेळी हाताने लहान लहान मडकी घडवायची आणि आव्याच्या कडेला ठेवायची. दर खेपेला दोन-तीन काळ्या तोंडाची निघायची. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत मी ती फोडायचो. हिला आवा लावता येत नाही, असं चार माणसांत बोलायचो. कितीतरी वर्षं. मग तिने ती करणंच सोडलं.

मी म्हणालो, "अगं, चुकून व्हायची ना ती?"

"चुकून दर खेपेला होतात का? मला तशीच आवडायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले दोनदा. तुम्ही फोडत होता, त्या आवाजात ऐकू गेलं नसेल."

मास्तरने विचारलं, एखादं शिल्लक आहे का. नव्हतं. मग म्हणाला, "ताई, एक बनवाल? मला बघायचंय."

"ह्यांना विचारा. फोडणारच असतील तर माती कशाला वाया घालवू?"

दोघं माझ्याकडे बघत होते. माफी मागायला मी कधी शिकलो नाही. दोन दिवस नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात, रस्त्यावरच्या लोकांसमोर, मी माती मळायला घेतली. जन्मात केलं नव्हतं. तिने येऊन चिमूट घेतली, बोटांत चोळली.

"खडे आहेत. परत मळा."

परत मळली. तिची बोटं आता वाकडी झालीत, तरी तिने तीन मडकी उभी केली. गारगोटीने घोटून घोटून चकचकीत केली. आव्यात तिने सांगितलं तिथे मी ती पालथी ठेवली, राख तिने आपल्या हाताने पसरली. आवा उघडला तेव्हा दोन तडकलेली होती. तिसरं अख्खं होतं. लाल, आणि वर काळं. चांदीचा पट्टा काही आला नव्हता. मास्तरने फोटो काढले आणि मग चष्मा काढून डोळे पुसत बसला.

मी सवयीने मडक्यावर टिचकी मारली. "नाद बसका आहे."

"ते पाणी भरायला नाही."

"मग कशाला?"

"बघायला," ती म्हणाली.

बघायचं मडकं आमच्या आव्यातून कधी निघालंय, असं मला आठवेना. निघालं असेल, तर ते मीच फोडलं होतं.