झालं म्हणण्याआधी

अमडापूरच्या आमच्या डाळ मिलमध्ये फोनचं काम करायला एक माणूस येतो. मिलमधले सगळे फोन जोडणाऱ्या यंत्रापुढे चपला काढतो. झाकण उघडताना "काऊन बे, दमला का?" असं यंत्रालाच विचारतो. आणि पलीकडून माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय "झालं" म्हणत नाही. मला सहसा कोणी आवडत नाही, पण त्याची ही सवय आवडते.

यंत्रावर आठच फोन चालत होते आणि नव्या ऑफिसला आणखी चार हवे होते. मिल माझ्या मुलाची. तो म्हणाला, "माय, जुने चार फोन काढतो, शेडमधलाबी. बायाईले काय कराचा?"

शेडमध्ये बाया डाळ निवडतात, मीही त्यांच्यातच बसते. मोबाईल गेटवर ठेवावे लागतात. शाळेत कोणाचं पोरगं पडलं, तर निरोप त्याच फोनवर येतो.

त्या माणसानं यंत्र तपासलं. "भाऊ, यंत्र सोळा फोन पेलते. आठची हद्द परवान्याची हाय. परवाना वाढवा, कोनाचा फोन काढू नका."

मुलानं दुपारी परवाना घेतला. नवे फोन जोडून झाल्यावर फोनवाला नेहमी मालकाच्या केबिनमधून तपासतो. त्या दिवशी मात्र अनवाणीच शेडमध्ये आला, तिथल्या फोनवरून नव्या ऑफिसातल्या शेवटच्या, बाराव्या फोनचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हाती दिला. "मावशी, तुम्हीच बोला."

तिकडे ऑफिसात मुलानं उचलला. मी म्हटलं, "वाजला ना? मंग आमचा इथंच राहीन."

"हाव, माय."

बायांनी सुपं बडवली. तो दारातूनच म्हणाला, "आता झालं."