आधी कोट, मग लेकरू

आमच्या शेजारच्या क्वार्टरच्या दारात एक पत्र्याची बादली, साबणाची वडी आणि खुंटीवर टांगलेला धुतलेला पायजमा-सदरा कायम असायचा. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने बोकारे सायकलवरून यायचे. सायकल भिंतीला लागते न लागते तोच आतून आवाज यायचा, "आधी कोट, मग लेकरू!" मग तो धिप्पाड माणूस मुकाट्याने अंगातला खाकी कोट उतरवून बाहेरच्या खिळ्याला अडकवायचा, अंगणातल्या नळाखाली बसायचा आणि जबलपूरच्या डिसेंबरात कुडकुडत, 'हर हर नर्मदे'चा गजर करत आंघोळ करायचा. तो स्वच्छ होऊन आत गेला की मगच त्याच्या हातात त्याचा मुलगा पडायचा. आतून हुकूम सोडणाऱ्या त्या कमलवहिनी. बोकाऱ्यांची बायको, आणि त्या वेळी आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत सर्वांत कमी आवडती बाई.

ते बांगलादेशच्या युद्धाचे दिवस होते. काचांना कागद चिकटवलेले, रस्त्यावरचे दिवे बंद, आणि कारखान्यात ओव्हरटाइमला अंत नाही. बोकारे आणि मी दोघेही तोफगोळ्यांत स्फोटक दारू भरण्याच्या विभागात होतो. त्या दारूची पिवळी पूड हातांवर, नखांत, केसांत बसायची. आमचे हात हळद लागलेल्या नवरदेवासारखे दिसत, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो तर दुकानदार हात बघून म्हणायचा, "भैया, आप तो देश का काम कर रहे हो," आणि वर मूठभर कोथिंबीर टाकायचा. कामाचे कोट विभागातच ठेवायचे आणि आंघोळ करून बाहेर पडायचे, असा नियम होता. साबणही मिळायचा. पण न्हाणीघरापुढे रांग असायची आणि घरी तान्ही लेकरं होती. आम्ही साबण जपून घरी आणायचो आणि कोट अंगावरच घालून यायचो. थंडीत तो जाड कोट म्हणजे घरातलं सगळ्यांत उबदार कापड. लाइनीतल्या निम्म्या घरांत बापाचा कोट हेच लेकराचं पांघरूण होतं. माझ्याही घरात होतं.

वहिनींचा बाळू आणि माझी मंजू एकाच पावसाळ्याच्या तोंडाला जन्मलेली. त्यामुळे दोन्ही घरांची तुलना सगळ्यांच्या तोंडी असे, आणि तुलनेत वहिनी नेहमी हरत. बाळूच्या डोळ्यांत काजळ नव्हतं. त्याच्या बारशाला त्यांनी घरच्या चार माणसांखेरीज कुणाला बोलावलं नाही. बघायला आलेल्या बायकांनी बाळाचा पापा घ्यायला मान वाकवली की त्या मधे हात घालायच्या. "पायाचा घ्या जी, तोंडाचा नका घेऊ." घरोघरची घुटी त्या हसून घेत आणि मागच्या दारी पेरूच्या झाडाला घालत. हे माझ्या आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि आठवडाभर ती त्यांच्याशी बोलली नाही.

त्याहून मोठा अपमान बादलीचा. आई बाळू बघायला गेली तर वहिनींनी तिच्यापुढे साबण धरला. आई परत आली ती तणतणत. "मी सकाळी अंघोळ करून, पूजा करून गेलेली बाई! मला हात धुवायला सांगून राहिली! आमच्याहून तिचं सोवळं मोठं?" आईच्या सोवळ्याचा घरात दरारा होता. तिच्या लोणच्याच्या बरणीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे शेजारणीने आपल्यावरच सोवळं चालवावं हे तिला सोसलं नाही. आणि मी आईच्या रागाला फोडणी दिली. त्या बादलीला मी 'सोवळ्याची बादली' असं नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते नाव विभागात पोचलं. बोकारे जेवायला बसले की कुणीतरी ओरडायचं, "ए, शिवू नका रे, पंडितजी सोवळ्यात आहेत!" बोकारे हसायचे. ते हसणं मला आजही आठवतं. त्यात राग नव्हता, म्हणूनच आठवतं.

खरं तर थोडं डोळे उघडून पाहिलं असतं तर कळलं असतं की ते सोवळं नव्हतंच. हाच बाळू दुपारी अंगणात उघडा पडलेला असायचा. माती खायचा, शेजारच्या शेळीचे कान ओढायचा, कावळ्याने टाकलेला पोळीचा तुकडा तोंडात घालायचा, आणि वहिनी तांदूळ निवडत शांत बसलेल्या असत. एकदा माझी बायको शैला धावत गेली. "अहो वहिनी, माती खातोय!"

"खाऊ दे ना बाप्पा. मातीचं काय होते? गेली पोटात, येईल बाहेर."

"आणि हात धुवायला लावता सगळ्यांना!"

"सगळ्यांना नाही लावत. ज्यांच्या घरी पिवळे हात हायेत त्यांना लावते. तुमच्या सासूबाई भाऊजींचे कपडे धुतात, म्हणून त्यांना सांगितलं. त्या ऐकूनच नाही घेत, चालल्या गेल्या." मग निवडणं थांबवून त्या म्हणाल्या, "शैला, खरं सांग, तो कोट धुतल्यावर तुझं डोकं नाही दुखत?"

शैलाचं दुखायचं. तिने रात्री मला सांगितलं. मी म्हणालो, थंडीने दुखत असेल.

वहिनी नागपूरकडच्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. वाद घालताना आवाज चढवायच्या नाहीत, फक्त प्रश्न विचारायच्या. मला एकदा त्यांनी अंगणातूनच विचारलं, "भाऊजी, ती पूड तुम्ही जिभेवर ठेवान का?"

"काहून ठेवू?"

"मग पोरीनं काहून ठेवायची? तुम्ही घरात पाय टाकला की ती तुमचं बोट चोखून राहते. मी इथून पाहते ना रोज."

मला राग आला. बारा-बारा तास राबून आलेल्या माणसाला दिवसात एकच सुख होतं. दार उघडायचं, मंजूने हात पुढे करायचे आणि तिला उचलायचं. त्या एका मिनिटासाठी मी न्हाणीघराची रांग सोडून सायकल दामटत यायचो. ते मिनिट वहिनी माझ्याकडून काढून घेत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही तुमचं घर सांभाळा." त्या तांदळाचं सूप उचलून आत गेल्या.

थंडी वाढली. मंजू किरकिरी झाली, मग किरकिरायचीही बंद झाली. दूध ओढेना, नुसती पडून राहू लागली. एका रविवारी दुपारी शैलाने हाक मारली. मंजूचे ओठ आणि नखं निळसर दिसत होती. आईने सांगितलं, "गारठलीय पोर. अंगावर घाला काहीतरी." मी धावत जाऊन खुंटीवरचा कोट आणला आणि तिला पायापासून हनुवटीपर्यंत त्यात गुंडाळलं. शैलाने शेगडी पेटवली. मी कोटाची कड तिच्या गालांभोवती नीट खोचली. किती काळजीने खोचली, ते मला अजून आठवतं.

शैलाचं रडणं ऐकून वहिनी आल्या. दारातून सरळ आत. त्यांनी मंजूच्या कपाळाला हात लावला, मग पोटाला, आणि म्हणाल्या, "पोर तर गरम आहे. गारठली कुठे? काढा तो कोट."

"अगं, ओठ निळे पडून राहिले अन् तू पांघरूण काढते?" आई मधे उभी राहिली.

"काकू, मागून मला काय म्हणायचं ते म्हणा. आधी कोट काढा."

मी जागचा हललो नाही. वहिनींनी वाट पाहिली नाही. कोट ओढून दाराबाहेर भिरकावला, मंजूचं झबलं उतरवलं, गरम पाण्याने तिचं अंग पुसलं, स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिला लपेटलं आणि बोकाऱ्यांना ओरडून सांगितलं, "रिक्षा बोलवा जी!" दवाखान्यापर्यंत मंजू त्यांच्याच मांडीवर होती. मी शेजारी बसलो होतो. मांडीवर हात उलटे ठेवून, पिवळे तळवे दिसू नयेत म्हणून.

डॉक्टरांनी बाप काय काम करतो ते विचारलं. मी काही बोलायच्या आत वहिनींनी माझा हात धरून त्यांच्यापुढे केला. डॉक्टरांनी तो हात उलटसुलट करून पाहिला. मंजूला ठेवून घेतलं, प्राणवायू लावला. आठवडा संपता संपता ती पुन्हा हात पुढे करू लागली. नक्की कशाने झालं ते डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "कोट घरी आणत जाऊ नका." मला वाटतं, त्यांनी नक्की सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. दोषी ठरलो असतो किंवा सुटलो असतो.

मंजू घरी आली त्या संध्याकाळी मी विभागात आंघोळ करून, दुसरे कपडे घालून आलो. तरी दारात आई उभी होती. तिच्या पायाशी आमची पितळी बादली. "आधी हात," ती म्हणाली. पलीकडच्या अंगणातून वहिनी हसल्या. "काकू, आता तुमचंही सोवळं सुरू झालं का?"

"माझं आधीपासून होतं," आई म्हणाली. "तू काल आलेली पोर!" पुढे आईने ते इतक्या कडकपणे चालवलं की लाइनीतल्या दुसऱ्या घरांतही बादल्या आल्या. वहिनींनी विनवलं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. आईने देवाची शपथ घालून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. वहिनींना त्याचं काही वाटलं नाही. "कोट तर बाहेर राहिला ना? मग देवाच्या नावानं राहो की माझ्या," त्या म्हणायच्या.

युद्ध संपलं आणि काही महिन्यांनी बोकाऱ्यांची नागपूरकडे बदली झाली. स्टेशनवर सामान चढत असताना मी वहिनींना बाजूला घेतलं आणि जे इतके दिवस विचारायचं होतं ते विचारलं. "वहिनी, खरं सांगा. माझ्यामुळंच झालं ना ते?"

"मला काय माहीत भाऊजी? मी काय डॉक्टर हाये?"

"पण तुम्हाला तर खात्री होती."

"खात्री कुठली? अंदाज होता." त्यांनी बाळूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "माझं चुकलं असतं तर काय झालं असतं? बोकारे उगाच थंडीत कुडकुडले असते. लोक हसले, ते तसेही हसतेत. पण तुमचं चुकलं असतं तर? मी एवढाच हिशेब केला." माझा चेहरा पाहून त्या थांबल्या. "अन् हे पाहा, पोरीला जवळ घ्यायची घाई झाली तुम्हाला. त्याला मी गुन्हा नाही म्हणत. घ्या, याला घ्या जरा, मला चढायचं हाये."

बाळूला मी आयुष्यात पहिल्यांदा उचललं. त्याने माझं बोट धरून तोंडात घातलं. मी दचकून वहिनींकडे पाहिलं. त्या डब्याच्या पायरीवरून म्हणाल्या, "राहू द्या. धुतलेलं दिसते."

कमलवहिनी गेल्याचं बोकाऱ्यांचं पत्र मागच्या वर्षी आलं. बाळू मुंबईला असतो. मंजूचं लग्न झालं आणि ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. बाळ दीड महिन्याचं आहे. काजळ नको, घुटी नको, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पापे घ्यायचे नाहीत, असे तिचे नियम. वहिनींचं तिला काहीच आठवत नाही, आठवणार कसं? परवा संध्याकाळी तिने नवं काढलं. "बाबा, बाळाच्या खोलीत उदबत्तीचा धूर नको. ते शिंकून राहिलंय." शैला चिडली. "तू लहानपणी याच धुरात वाढलीस. काय झालं तुला?" दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मला त्यातलं काही कळत नाही. धुराने बाळाला त्रास होतो की नाही, मी सांगू शकत नाही.

मी उठलो, देवापुढची उदबत्ती बोटांनी चिमटून विझवली आणि नळावर जाऊन हात धुतले. मंजूचं चुकत असेलही. चुकलंच, तर देवापुढे एक उदबत्ती कमी लागली.