सिराजचाचांची बोहनी सोहारला

आमच्या शहागडात गाडी शोरूममधून घरी येते, पण ती आपली होते सिराजोद्दीन चाचांनी पहिला फेरा मारल्यावर. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, नाहीतर जावयाला दिलेली कार. मालक किल्ली घेऊन चाचांच्या दारात हजर. चाचा चपला खाली काढून ठेवतात, बिस्मिल्ला म्हणून उजवा तळहात स्टेअरिंगवर टेकवतात, गाडी गोदावरीच्या पुलापर्यंत नेतात, तिथं एकदाच हॉर्न वाजवतात आणि वळवून आणतात. मग किल्ली मालकाच्या हातात ठेवून म्हणतात, "आता तुझी." याला गावात बोहनी म्हणतात. कुणी एकानं बोहनीआधीच बुलेट पळवली आणि पहिल्याच वळणावर आडवी केली, तेव्हापासून या गोष्टीवर वाद घालायला कुणी उरलं नाही.

चाचांनी उभी हयात शहागड ते अंबड काळीपिवळी चालवली. घरात बोली उर्दू, पण गाडीचा विषय निघाला की मराठी, कारण गाडी त्यांना शिकवली सर्जेराव ड्रायव्हरनं आणि शिव्यांसकट सगळे शब्दही त्यानंच दिले. चाचा दुसऱ्याच्या शेजारी कधी बसत नाहीत. म्हणतात, पाय रिकामे राहतात, जीव घाबरतो.

अंबरीन त्यांची धाकटी. शाळेच्या सुट्टीत ती काळीपिवळीत गिअरला गुडघा लावून बसायची आणि चाचांचा हात हलायच्या आधी पुटपुटायची, "आता तिसरा." बरोबर तिसराच पडायचा. पाशिंजर हसायचे. एकदा तिनं सरळ विचारलं, अब्बा, मला कधी देणार? चाचा म्हणाले, "पोरीच्या हातात स्टेअरिंग दिलं तर पाशिंजर उतरून जातील की." सगळी गाडी पुन्हा हसली. अंबरीनही हसली. पण पुढं तिनं गिअर पुटपुटणं सोडलं.

लग्न होऊन ती ओमानला सोहारला गेली. नवरा तौफिक तिथं बंदराजवळच्या गोदामात कामाला; त्याला न्यायला कंपनीची बस येते. अंबरीनला एका शाळेत लहान मुलांना शिकवायची नोकरी लागली, पण शाळा गावाबाहेर, तिकडं बस जात नाही आणि उन्हात चालायची सोय नाही. शाळेनं सांगितलं, उन्हाळी सुट्टी संपली की पहिल्या रविवारी रुजू व्हा, मात्र येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे गाडी हवी, आणि चालवता यायला हवी.

नवराबायको दोघं मिळून शिकायला लागले. तिथं परीक्षेत उभ्या ड्रमांच्या मधून गाडी उलटी काढायची असते. तौफिकनं प्रत्येक वेळी ड्रमला मिठी मारली. अंबरीननं ती अशी काढली की परीक्षकानं विचारलं, आधी कुठं चालवत होतीस? ती म्हणाली, अंबड रोडला. चालवत नव्हते, बघत होते.

गाडीही मिळाली. त्याच इमारतीत राहणारी मारिया नावाची नर्स कायमची मायदेशी परत चालली होती. परदेशातल्या माणसांचं असंच असतं; एकाचा मुक्काम उठतो तेव्हा दुसऱ्याचा संसार भरतो. मारियाची छोटी पांढरी कार, मागच्या काचेवर मांजराचं स्टिकर. शुक्रवारपर्यंत मुल्किया, म्हणजे तिथलं आरसी बुक, अंबरीनच्या नावावर झालं. अंबरीननं गाडीचा समोरून फोटो काढला, बॉनेटवर झेंडूचा नकली हार ठेवून, आणि घरी पाठवला. खाली लिहिलं, अब्बा, बोहनी?

त्या दिवशी चाचांच्या अंगणात उत्तमचंद शेठ बसले होते. कापड दुकानासाठी घेतलेली नवी पिकअप दारात उभी, फुलं लावलेली, चाचा दुपार उतरतानाची असरची नमाज उरकून आले की फेरा मारायचा असं ठरलेलं. चाचा येऊन टेकले, तेवढ्यात अंबरीनचा व्हिडिओ कॉल आला. रहिमुन्निसा चाचींनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून स्टुलावर ठेवला आणि चाचांची खुर्ची समोर ओढली.

चाचांनी आधी गाडीचे टायर बघितले, मग बॉनेट उघडायला लावलं, मग बंद करायला लावलं. चेहरा खुललेला. अन् एकदम म्हणाले, "मस्त हाय. आता झाकून ठिव. सहा महिन्यांनी सुट्टीवर येशील, तवा मला घेऊन चल. बोहनी करतो, मंग चालव."

अंबरीन म्हणाली, परवा शाळा आहे. चाचा म्हणाले, जावयाला चालवू दे तोवर. स्क्रीनच्या कडेला तौफिकचा चेहरा होता, तो हळूच बाजूला सरकला. त्याला लायसन मिळालं नाही हे अंबरीनला सांगावं लागलं आणि वर हेही, की मारियाचं बिऱ्हाड आज हलतंय, संध्याकाळी तिच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी येणार. आत्ताच हलवायची आहे.

"तर हलव की," उत्तमचंद शेठ मधेच बोलले. "लायसन तिच्यापाशी हाय ना?"

"शेठ, तुमची पिकअप बिनबोहनीची नेता का?" चाचांनी विचारलं. शेठनी चहाचा कप उचलला.

 अंबरीनच्या मुठीत किल्ली होती. परदेशात बसून अब्बांना न विचारता ती किल्ली फिरवू शकली असती, कुणी बघायला आलं नसतं. पण तिला नुसती गाडी नको होती. अब्बांनी "आता तुझी" म्हणायला हवं होतं.

मग चाचांनाच तोडगा सुचला, आणि ते खुर्चीत ताठ बसले. "आसं कर. फोन माझ्या जागेवर ठिव. ड्रायव्हरच्या. बेल्ट लाव बराबर. जावई अन् ती नर्सबाई मागून थोडी ढकलतील. मी बसलो अन् गाडी हलली की झाली बोहनी."

"तुमच्या जागेवर म्हणजे कुठं, अब्बा?"

"आता हे इचारतीस? उजवीकडं. आयुष्य गेलं तिथं."

अंबरीननं दोन्ही सीटांकडं बघितलं. मग म्हणाली, "उजवीकडंच बसवते. बदलायचं न्हाई मंग."

"बिलकुल न्हाई."

फोन हलला, आकाश दिसलं, गाडीचं छत दिसलं. बेल्ट खटकन लागला. तौफिक मागच्या सीटवर बसून फोन सावरून धरत होता. अंगणात चाचांनी चपला काढल्या, बिस्मिल्ला म्हटलं, उजवा तळहात पुढं केला. समोर एक कप्पा होता आणि त्यावर मारियाचं वाळलेलं गुलाबाचं फूल.

"स्टेअरिंग कुठाय?"

"हे काय, माझ्याकडं," डावीकडून अंबरीनचा आवाज आला. "इथं ड्रायव्हर डावीकडं बसतो."

उत्तमचंद शेठ इतके हसले की चहा धोतरावर सांडला. चाचांना हे ऐकून माहीत होतं. गावातली पोरं गल्फमधून येऊन सांगायचीच. पण स्वतःची जागा तिथंही आपल्या बाजूलाच असेल, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पुढं केलेला हात त्यांनी हळूहळू मांडीवर घेतला.

"अब्बा," अंबरीन म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात हसू नव्हतं, "पोरीच्या हातात स्टेअरिंग आहे. पाशिंजर उतरणार का?"

अंगणात चाची खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या.

चाचांनी उजवीकडचा बेल्ट बघितला, मग स्क्रीनच्या कडेला दिसणारे लेकीचे दोन हात बघितले. स्टेअरिंगवर, जसे ठेवायला सर्जेरावानं त्यांना शिकवलं होतं अगदी तसे. "पाशिंजर मीच हाय," ते म्हणाले. "उतरत न्हाई. घे हळू."

गाडी निघाली. पार्किंगमधून उलटी, मग सरळ, मग मोठ्या रस्त्यावर. निरोपाला हलणारा मारियाचा हात मागं पडत गेला. चाचा विचारत राहिले, गिअर कुठाय, दुसरा का टाकत न्हाई; अंबरीन सांगत राहिली की इथं गिअर आपोआप पडतात. "मंग तू करतीस काय?" चाचा म्हणाले आणि तेवढ्यात गोल चौक आला. अंगणात त्यांचा उजवा पाय शेणानं सारवलेल्या जमिनीत असा दाबला गेला की शेठ म्हणाले, चाचा, माझी पिकअप थांबली बघा. चौक पार झाला. पाय तसाच दाबलेला.

"पूल लागतो का कुठं?"

पुढं कोरड्या ओढ्यावरचा पूल होता. खाली पाणी नाही, असं अंबरीननं आधीच सांगितलं. चाचा म्हणाले, आपल्या गोदावरीला तरी कुठं बारा महिने असतं. हॉर्न वाजव. ती म्हणाली, इथं हॉर्न वाजवत न्हाईत, लोक रागावतात.

"एकदाच."

अंबरीननं वाजवला. छोटा, बारीक, मांजरासारखा. पुढच्या गाडीतल्या माणसानं आरशात बघितलं. वळण घेऊन ती परत इमारतीपाशी आली, गाडी रस्त्याकडेला लावली आणि वाट बघत बसली.

"आता तुझी," चाचा म्हणाले, आणि चपला चढवून उठले, कारण शेठ खोळंबले होते.

फोन चाचींनी ओढून घेतला. त्यांना घाई झाली होती. "आता मला फिरव. मी तुझ्या अब्बाच्या जागेवर न्हाई बसणार. मी कायम डावीकडं बसते, मला तिथंच ठिव."

"अम्मी, डावीकडं बसायचं तर गाडी चालवावी लागेल."

चाचींनी दाराकडं बघितलं. चाचा पिकअपमध्ये चढत होते, त्यांच्या नेहमीच्या उजव्या बाजूनं. चाचींनी ओढणी नीट केली आणि फोन तोंडाजवळ आणला.

"मंग शिकव," त्या म्हणाल्या. "चालू कशी करायची ती?"