वहिनीला फोन लाव

लताबाईंचा फोन आला तेव्हा मी पूजा आटोपून चहाचं आधण ठेवत होते. लताबाई माझ्या नणंदेकडे, कुमुदवन्संकडे, स्वयंपाकाला येतात. मला त्या कधी फोन करत नाहीत. "वैनी, तुमी लगेच या," त्या म्हणाल्या. "ताई खुर्चीत बसल्या हायत, पन हाक मारली तरी बोलत नाय... हात गार लागतोय." मी गॅस बंद केला आणि होते त्या साडीवर रिक्षात बसले. सुकापूरहून नवीन पनवेलला जायला कितीसा वेळ लागतो! रस्ताभर मी एवढंच मनात घोळवत होते, की आता वन्सं रागावणार, एवढ्यातेवढ्यासाठी धावत आलीस म्हणून. त्या रागावल्या नाहीत. खिडकीपाशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर भिजवलेल्या वालांचं पातेलं, अर्धे वाल सोललेले, अर्धे तसेच. फोन शेजारच्या स्टुलावर. हृदय एकदम थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आदल्याच संध्याकाळी बिरड्यात गूळ किती घालायचा यावरून आम्ही फोनवर तावातावाने भांडलो होतो. काही आठवडे उलटून गेले, तरी मला हे खरं वाटत नाही. आत्ता लिहितानाही वाटतंय, की मी कुणा भलत्याच बाईबद्दल लिहिते आहे.

वन्सं फोर्टमधल्या एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही, त्याबद्दल कुणाला विचारूही दिलं नाही. आख्ख्या कंपनीचे नंबर त्यांना पाठ होते, आणि नंबरांपेक्षाही माणसं पाठ होती. कुठले साहेब केव्हा जेवतात, कुणाची डुलकी केव्हा लागते, कोण कुणाचा फोन आला की जागेवर नसतो, सगळं. "माणूस हातातल्या कामात असेल तर उगाच घंटी वाजवून त्याला पळवायचं नाही," हा त्यांचा बाणा होता, आणि निवृत्तीनंतर तो त्यांनी आम्हा नातेवाइकांवर चालवला. माझा मुलगा समीर पुण्याला असतो. त्याची मीटिंग कुठल्या वारी असते हे मला माहीत नसायचं, त्याच्या आत्याला असायचं. मी सकाळी पूजेला बसले की फोन आतल्या खोलीत ठेवते, तर त्यावरूनही मला ऐकवायच्या, "देवाच्या वेळेला तुझी लाइन एंगेज, आम्ही आपलं थांबायचं." मी त्यांना मुद्दाम वन्सं म्हणायची, कारण त्यांना ते आवडायचं नाही. "वन्सं म्हटलं की अंगावर नऊवारी आल्यासारखं वाटतं," असं म्हणायच्या, आणि दिवसभर हाक मारली नाही तर विचारायच्या, काय झालं गं, रुसलीस का?

आमच्या ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ज्याच्यामुळे आम्ही दोघी एकमेकींच्या नात्यात आलो, तो मधला माणूसच गेला. तेव्हा मला खरोखर भीती वाटली होती, की आता आमचं हळदीकुंकवापुरतं राहणार. झालं उलटंच. रोज एक फोन, आठवड्यातून एक फेरी, आणि पावसाळा सरला की कर्नाळ्याला एक चक्कर. तोवर काचबिंदूने त्यांचे डोळे जवळजवळ नेले होते. कर्नाळ्याला त्या झाडाखाली बसून नुसत्या ऐकायच्या, आणि मी चित्रं बघून पक्ष्यांची नावं सांगायला लागले की हात धरून गप्प करायच्या.

डोळे गेल्यावर समीरने त्यांना नवा फोन आणून दिला, बोललं की ऐकणारा. त्यातल्या आवाजाला वन्सं 'ती बाई' म्हणत. पहिले काही दिवस कौतुकाचे गेले. मग त्या बाईने विसरायला सुरुवात केली. "वहिनीला फोन लाव" म्हटलं की ती गोड आवाजात सांगायची, "तुमच्या कॉन्टॅक्ट्समध्ये वहिनी सापडली नाही." वन्सं खवळायच्या. "काल लावलास ना? आज वहिनी मेली का?" नंबर अर्थातच त्यांना पाठ होता. तो एकेक आकडा करून म्हटला तर लागायचाही, पण एखादा आकडा ती हमखास चुकीचा ऐकायची, की पुन्हा पहिल्यापासून. "माझ्या बोर्डावर असं केलं असतं तर मेमो हातात पडला असता," असं म्हणत त्या तिला शिकाऊ मुलीसारखं झापायच्या. समीर आला की त्याने परवानग्या तपासाव्यात, भाषा बदलून बघावी, फोन बंद करून चालू करावा. केतकी आली, म्हणजे माझ्या दुसऱ्या नणंदेची मुलगी, की तिने अपडेट टाकावं, नको ते पुसावं. समोरच्या फ्लॅटमधली जागृतीही अधूनमधून हात साफ करून जायची. प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर फोन लागायचा, आणि ते निघून गेले की ती बाई मला पुन्हा विसरायची. स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याने तर नवीन फोन घ्या म्हणून सांगितलं. मला मनातून राग यायचा. यंत्र झालं म्हणून काय, नेमकी मीच कशी सापडत नाही?

उलगडा गेल्या गणपतीत झाला. वन्संकडे सगळे जमले होते, आणि मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी गंमत म्हणून फर्मावलं, "वहिनीला फोन लाव." सापडली नाही. समीर चिडला. "असं कसं? मागच्या खेपेला मी स्वतः सेव्ह केलंय, लावूनही बघितलंय." त्याने फोन हातात घेऊन म्हटलं, "आईला फोन लाव." तीही सापडली नाही. तेवढ्यात केतकी म्हणाली, "अरे, तो डबल होता म्हणून मी काढला. हे बघ." आणि तिने म्हटलं, "मामीला फोन लाव." माझा फोन खणखणला. क्षणभर कुणालाच कळलं नाही... आणि मग हसण्याचा असा स्फोट झाला, की बाहेर आरतीची तयारी करणारी माणसं डोकावून गेली. समीरने मला 'आई' म्हणून ठेवायचं, आईला फोन लावून बघायचा, लागला की निघून जायचं. केतकीने आईला पुसून 'मामी' करायचं. जागृतीने मामीची 'काकू' करायची. वन्सं शेजारी बसून हे सगळं ऐकत असत, पण घरात एकाच बाईला प्रत्येकाने वेगळी हाक मारायची, यात कुणाच्या कानाला काय खटकणार? "म्हणजे बिचारी ती विसरत नव्हती, तुम्हीच तिला घोळात घेत होता," वन्सं म्हणाल्या, आणि त्याच खुर्चीत ताठ बसून त्यांनी हुकूम सोडला. "या फोनमध्ये प्रत्येक जण माझा जो कोण असेल, तोच राहील." त्या दिवशी मी पुन्हा वहिनी झाले. त्यानंतर तक्रार नव्हती.

पण वन्सं गेल्या त्याच्या चारसहा दिवस आधी केतकी येऊन गेली होती आणि तिने फोन अपडेट केला होता. दिवसकार्य झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, तोंड उतरलेलं. "मामी, मी त्यात काही बदललं नाही ना गं? मला आठवतच नाहीये..." मी म्हटलं, वेडी आहेस का. पण तोच किडा माझ्याही डोक्यात होता. त्या सकाळी माझ्या फोनवर वन्संचा एकही मिस्ड कॉल नव्हता. म्हणजे एक तर त्यांनी मला हाक मारली नाही, किंवा मारली आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, सापडली नाही. छातीत कळ आलेल्या बाईने दहा आकडे कसे म्हणायचे? हा प्रश्न घेऊन मी भाजी चिरली, कपडे वाळत घातले, लोकांना बसायला पाट दिले. केतकी म्हणाली होती, की फोनला सांगितलेलं सगळं त्यात साठून राहतं, ऐकता येतं. मी नको म्हटलं. वन्संचा फोन मी कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

परवा केतकी पुन्हा आली. किती वाळली आहे पोर! मावशीची, म्हणजे वन्संची, फार लाडकी होती ती. तिला मावशीने डोळे असताना स्वेटर विणून घातले होते. तिच्याकडे बघून मीच कपाट उघडलं. आम्ही दोघी पलंगावर बसलो आणि तिने त्या सकाळचं शेवटचं बोलणं लावलं. आधी पातेल्यात वाल पडल्याचा आवाज. मग वन्संचा आवाज, "वहिनीला फोन लाव." केतकीने माझा दंड घट्ट धरला. ती बाई लगेच म्हणाली, "वहिनीला फोन लावते आहे." सापडले होते मी. आणि घंटी जायच्या आत वन्सं म्हणाल्या, "नको, नको... राहू दे. पूजेला बसली असेल आत्ता. मग बघू."

बस, एवढंच. केतकी मोठ्याने रडायला लागली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि ते उतरायलाच हवं होतं. मी मात्र त्या आवाजातच अडकले. आवाज नेहमीचा होता, की थोडा दमलेला? आम्ही तो पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला, मला ठरवता आलं नाही. गुळाचंच काही विचारायचं असेल, कोण जाणे. मला राग आला, खोटं कशाला बोलू. ज्या यंत्राला आम्ही वर्षभर शिव्या दिल्या, त्याने मला चटकन ओळखलं. आणि माझी सगळी वेळापत्रकं पाठ असणाऱ्या या बाईने माझी पूजा मोडू नये म्हणून स्वतःच्या हाताने लाइन तोडली. अहो वन्सं, देव कुठे पळून जाणार होता?

हल्ली मी पूजेला बसताना फोन पाटाशेजारी ठेवते, आवाज पूर्ण वाढवून. काल उदबत्ती ओवाळताना तो वाजला. खोपोलीकडचे प्लॉट विकणारी कुणी मुलगी होती. एरवी मी अशांना दोन शब्द सुनावते. काल उदबत्ती तशीच उदबत्तीच्या घरात खोचली, फोन कानाला लावला आणि म्हटलं, "बोल गं, मी मोकळीच आहे."